पीपीआर म्हणजे काय रे भाऊ? फँटसी ड्राफ्टमध्ये एका कॅचचा एक गुण सगळं गणित कसं बदलतो

मार्चच्या सुमारास लासलगावच्या बाजार समितीत गेलात तर आवारात लाल आणि उन्हाळ असे दोन्ही कांदे दिसतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांची रांग लागलेली असते आणि लिलाव एकेका ट्रॉलीपाशी थांबत पुढे सरकतो. एकाच ट्रॉलीकडे दोन व्यापारी बघतात. एक बोली चढवत नेतो, दुसरा कांदा हातात घेऊन बघतो आणि पुढच्या ट्रॉलीकडे निघतो. माल तोच, पण ज्याला तो काही महिने साठवायचाय त्याला लाल कांदा कितीही देखणा असला तरी नको असतो, कारण तो टिकत नाही. ज्याला लांबच्या बाजारात पाठवायचाय तो आकार आणि पत्ती बघतो. बारीक गोल्टीचा भाव वेगळाच निघतो. थोडक्यात, कांदा किती चांगला यापेक्षा तो कशासाठी घ्यायचाय यावर भाव ठरतो.

फँटसी फुटबॉलमध्ये खेळाडू निवडताना नेमकी हीच गोष्ट नवखे लोक विसरतात.

दरवर्षी ऑगस्टच्या शेवटी, म्हणजे आपल्याकडे गणपतीची गडबड असते त्याच सुमारास, अमेरिकेत फँटसी फुटबॉलच्या ड्राफ्टचा हंगाम असतो. तिकडे नोकरीला गेलेल्या मराठी पोरांना पहिल्याच वर्षी ऑफिसमधून एक लिंक येते, ‘आमच्या लीगमध्ये एक जागा रिकामी आहे, येतोस का?’ मग ती पोरं इकडच्या भावाला, मित्राला मेसेज करतात की ‘अरे, तू ड्रीम इलेव्हनवर टीम लावायचास ना, जरा सांग.’ लिंक उघडली की वर लिहिलेलं असतं, ‘टेन टीम, पीपीआर, स्नेक ड्राफ्ट’. आणि ड्रीम इलेव्हनवाला भाऊ तिथेच गार पडतो.

तर आधी हे तीन शब्द समजून घेऊ.

हा फुटबॉल कुठला?

मेस्सी-रोनाल्डोचा नाही. हा अमेरिकन फुटबॉल. अंड्यासारखा लांबट चेंडू, हेल्मेट, आणि हातानेच जास्त खेळ. एनएफएल या तिथल्या व्यावसायिक लीगमध्ये ३२ संघ आहेत आणि २०२१ पासून प्रत्येक संघ साखळीत १७ सामने खेळतो.

सगळे नियम कळायची गरज नाही. एवढं पुरे : संघाला चेंडू समोरच्याच्या हद्दीत टोकापर्यंत न्यायचा असतो. नेला की टचडाऊन, सहा गुण. न्यायचे मार्ग दोन. क्वार्टरबॅक नावाचा मुख्य खेळाडू चेंडू कुणाच्या तरी हातात देतो आणि तो घेऊन पळतो, हा पळणारा म्हणजे रनिंग बॅक. किंवा क्वार्टरबॅक चेंडू लांब फेकतो आणि दुसरा तो झेलतो. झेलणारे मुख्यतः वाइड रिसीव्हर, आणि त्यांच्या जोडीला टाइट एंड नावाचे दांडगे गडी, जे धक्काबुक्कीही करतात आणि झेलही घेतात. चेंडू झेलला की त्याला म्हणतात रिसेप्शन.

फँटसीत तुम्ही वेगवेगळ्या संघांतले खेळाडू निवडून स्वतःचा कागदी संघ बनवता. खऱ्या सामन्यात ते जे करतील त्याचे गुण तुम्हाला. हा प्रकार जुना आहे. १९६२ मध्ये ओकलंड रेडर्स संघात भागीदारी असलेल्या बिल विंकेनबाख यांनी काही पत्रकार आणि मित्रांसोबत याची कल्पना मांडली आणि पहिला ड्राफ्ट १९६३ मध्ये झाला. तेव्हा इंटरनेट कुठलं, पेपरातले आकडे बघून हाताने बेरजा चालायच्या.

आता पीपीआर

जुन्या, ‘स्टँडर्ड’ पद्धतीत साधारण असे गुण असतात : पळून किंवा झेलून मिळवलेल्या दर १० यार्डांना १ गुण, टचडाऊनला ६. क्वार्टरबॅकला फेकीच्या दर २५ यार्डांना १ आणि फेकीतून आलेल्या टचडाऊनला ४. चेंडू हातातून सुटून समोरच्याकडे गेला तर दोन वजा.

पीपीआर म्हणजे ‘पॉइंट पर रिसेप्शन’. वरचे सगळे गुण तसेच, फक्त प्रत्येक झेलाला आणखी १ गुण. बास, एवढंच.

एवढंच, पण परिणाम बघा. एक खेळाडू एकदाच चेंडू घेऊन ४० यार्ड सुसाट पळाला. स्टँडर्डमध्ये ४ गुण, पीपीआरमध्येही ४. दुसऱ्याने आठ-आठ यार्डांचे पाच झेल घेतले, एकूण ४० यार्ड. स्टँडर्डमध्ये त्यालाही ४ गुण. पीपीआरमध्ये मात्र ४ अधिक ५, म्हणजे ९. टीव्हीवर पहिल्याचा रिप्ले दहा वेळा दाखवतील, दुसऱ्याचा एकदाही नाही. गुणफलकावर मात्र दुसरा दुपटीने पुढे.

ही भानगड आली कुठून? स्टँडर्ड पद्धतीत रनिंग बॅक फारच भाव खाऊन जायचे. टचडाऊनच्या तोंडाशी चेंडू त्यांच्याच हातात द्यायची रीत, आणि एका सामन्यात वीस-वीस वेळा तेच पळणार. त्यामुळे ड्राफ्टच्या पहिल्या फेरीत सगळे रनिंग बॅकच उचलायचे आणि झेल घेणारे मागे राहायचे. तो तोल सावरायला झेलाला वेगळा गुण दिला गेला.

टीकाही होते, आणि ती बरोबर आहे. क्वार्टरबॅकने शेजारच्या गड्याकडे चेंडू टाकला, त्याने झेलला आणि जागच्या जागी आडवा झाला. संघाला काहीच मिळालं नाही, तरी फँटसीत १ गुण. तोच १ गुण मिळवायला दुसऱ्याला दहा यार्ड अंगावर मार खात पळावं लागतं. म्हणून बऱ्याच लीगनी मधला मार्ग काढला, हाफ पीपीआर, म्हणजे झेलाला अर्धा गुण. काही लीग टाइट एंडला झेलामागे दीड गुण देतात, कारण त्या जागेवर चांगले खेळाडूच कमी.

हेन्री की कमारा?

नुसत्या व्याख्येने हे डोक्यात बसत नाही, म्हणून २०२० च्या हंगामातले दोन रनिंग बॅक घेऊ.

टेनेसी टायटन्सचा डेरिक हेन्री त्या वर्षी एकट्याने २०२७ यार्ड पळाला. एका हंगामात दोन हजार यार्ड हा मैलाचा दगड गाठणारे एनएफएलच्या इतिहासात मोजकेच. सोबत पळून १७ टचडाऊन. झेल मात्र फक्त १९, त्यातून ११४ यार्ड.

न्यू ऑर्लिन्स सेंट्सचा अल्विन कमारा पळाला ९३२ यार्ड, म्हणजे हेन्रीच्या निम्म्याहूनही कमी. पण त्याने ८३ झेल घेतले, त्यातून ७५६ यार्ड आले. दोन्ही मिळून २१ टचडाऊन. (त्यातले सहा तर एकाच दिवशी, नाताळच्या सामन्यात. त्या दिवशी कमारा ज्यांच्याकडे होता त्यांचा नाताळ आणि ज्यांच्यासमोर होता त्यांचा शिमगा.)

चेंडू सुटल्याचे वजा गुण बाजूला ठेवून हिशोब मांडू. स्टँडर्डमध्ये हेन्री ३१६.१, कमारा २९४.८. हेन्री २१ गुणांनी पुढे. पीपीआरमध्ये हेन्रीला १९ गुण वाढून मिळाले, एकूण ३३५.१. कमाराला ८३ वाढून मिळाले, एकूण ३७७.८. आता कमारा ४२ गुणांनी पुढे. हाफ पीपीआर लावलं तरी ३२५.६ विरुद्ध ३३६.३, म्हणजे कमाराच पुढे, फक्त थोडक्यात.

खेळ तोच, सामने तेच, यार्ड तेच. हेन्री चांगला की कमारा, या प्रश्नाला गुणांचा तक्ता बघितल्याशिवाय उत्तरच नाही.

याच्याही आधीच्या वर्षी, २०१९ मध्ये, कॅरोलायना पँथर्सच्या ख्रिश्चन मॅकॅफ्रीने तर कहर केला होता. १३८७ यार्ड पळून, १००५ यार्ड झेलून, १९ टचडाऊन आणि ११६ झेल. पीपीआरमध्ये ही बेरीज ४६९ च्या वर जाते. त्यातले ११६ नुसते झेलांचे, आणि तो रिसीव्हर नाही, रनिंग बॅक आहे. म्हणजे एका जागेवर दोन खेळाडूंचं काम. पीपीआरमध्ये लोक अशाच गड्याच्या शोधात असतात, पळणारा पण झेलणारासुद्धा.

मग नावं कशी निवडायची?

पहिल्यांदा खेळणारा माणूस मागच्या वर्षीच्या टचडाऊनची यादी उघडतो. ही चूक. टचडाऊन लहरी असतात. या वर्षी बारा, पुढच्या वर्षी पाच, असं सहज होतं. झेलांची संख्या त्या मानाने स्थिर राहते, कारण ती संघाच्या सवयीवर ठरते. क्वार्टरबॅक कोणाकडे बघून फेकतो, ही सवय.

ती सवय मोजायचा आकडा म्हणजे ‘टार्गेट’, खेळाडूच्या दिशेने किती वेळा चेंडू फेकला गेला. झेल सुटला तरी टार्गेट धरलं जातं. पीपीआरच्या ड्राफ्टआधी फक्त एकच स्तंभ बघायला वेळ असेल तर हा बघावा. सामन्यात आठ-दहा वेळा ज्याच्याकडे चेंडू येतो, तो एखाद्या दिवशी ढिसाळ खेळला तरी पाच-सहा झेल घेऊन जातो. म्हणजे पाच-सहा गुण तळाला पक्के. याउलट दोनदाच चेंडू मिळणारा पण प्रत्येक वेळी लांब उडी मारणारा रिसीव्हर एका रविवारी वीस गुण देतो आणि पुढच्या तीन रविवारी दोन-दोन.

दुसरी गोष्ट जरा उलटी वाटेल. हरणारा संघ फँटसीत वाईट नसतो. मागे पडलेल्या संघाला वेळ वाचवायचा असतो, त्यामुळे तो पळणं सोडून सारखी फेकाफेक करतो. जास्त फेक म्हणजे जास्त झेल. समोरचा संघही लांबचा मोठा फटका अडवायला मागे सरकलेला असतो, जवळचे छोटे झेल सोडून देतो. त्या छोट्या झेलांना पीपीआरमध्ये पूर्ण एक गुण असतो. शेवटच्या स्थानावरच्या संघातला मुख्य रिसीव्हर म्हणून अनेकदा स्वस्तात मिळतो.

रनिंग बॅकमध्येही दोन जाती असतात. एक हेन्रीसारखा, संघ पुढे असताना घड्याळ संपवायला सारखा पळवला जाणारा. दुसरा, संघ मागे असताना झेल घेण्यासाठी मैदानात येणारा. एकाच संघात हे काम दोघांत वाटलेलं असेल तर स्टँडर्डमध्ये पहिला घ्यावा आणि पीपीआरमध्ये दुसऱ्याचा विचार करावा. आता दुसऱ्यालाच डोळे झाकून घ्या असं कुणी सांगत असेल तर तेही खरं नाही. २०२० च्या आकड्यांत हेन्री पीपीआरमध्येही ३३५ गुणांवर होता. इतकं कुणी पळत असेल तर झेलांवाचून काही अडत नाही. पीपीआर फक्त मधल्या फळीतल्या खेळाडूंची उलथापालथ जास्त करतो.

स्नेक ड्राफ्ट, आणि तुमचा नंबर

ड्रीम इलेव्हनवर एक गोष्ट होती, विराट कोहली तुमच्याही संघात आणि शेजाऱ्याच्याही. सगळ्यांना १०० क्रेडिटची मर्यादा, त्यात बसवून अकरा जण घ्यायचे. सगळ्यांकडे तेच चेहरे असल्यामुळे खरी लढाई कॅप्टन आणि व्हाइस कॅप्टन कोण यावर व्हायची, कारण त्यांचे गुण दुप्पट आणि दीडपट.

ड्राफ्टमध्ये तसं नसतं. एक खेळाडू एकाच माणसाचा. कुणी उचलला की गेला, हंगामभर. म्हणून नंबर महत्त्वाचा. दहा जणांच्या लीगमध्ये पहिल्या फेरीत १ ते १० असा क्रम, दुसऱ्या फेरीत उलटा १० ते १, तिसऱ्यात पुन्हा सुलटा. सापासारखा वळत जातो म्हणून स्नेक. ज्याचा पहिला नंबर त्याला पहिला खेळाडू मिळतो, पण पुढचा थेट विसावा. मग लगेच एकविसावा. ज्याचा दहावा नंबर त्याला दहावा आणि अकरावा असे लागोपाठ दोन.

इथे मंडईतली अक्कल कामाला येते. बाजारात आपण सगळ्यात महाग भाजी आधी घेत नाही, जी संपणार आहे ती आधी घेतो. बटाटे संध्याकाळीही मिळतात. क्वार्टरबॅक हे फँटसीतले बटाटे. एकूण गुणांच्या यादीत वरची बरीच नावं क्वार्टरबॅकची असतात, त्यामुळे नवा माणूस पहिल्याच फेरीत क्वार्टरबॅक उचलतो. पण दहा जणांच्या लीगमध्ये प्रत्येकाला एकच क्वार्टरबॅक खेळवायचा असतो, म्हणजे दहा लागणार आणि ३२ संघांत ३२ आहेत. समजा पहिल्या क्रमांकाचा क्वार्टरबॅक आठवड्याला २३ गुण देतो आणि दहावा १९. चार गुणांचा फरक. त्याच वेळी समजा सर्वोत्तम टाइट एंड १६ देतो आणि दहावा ८. इथे फरक आठ गुणांचा. मग गुण कमी असूनही तो टाइट एंड जास्त मोलाचा. खेळाडू किती गुण देतो यापेक्षा, तो नाही घेतला तर त्याच जागी नंतर जो मिळेल त्याच्याहून किती जास्त देतो, हे बघायचं.

रनिंग बॅक आणि रिसीव्हर दोन-दोन लागतात, शिवाय ‘फ्लेक्स’ नावाची एक मोकळी जागा असते जिथे यांच्यापैकी कुणीही चालतो. पीपीआरमध्ये त्या जागेवर बहुधा झेल घेणाराच फायद्याचा ठरतो. किकर आणि बचावफळी शेवटच्या दोन फेऱ्यांत घ्यावी. त्याआधी घेणाऱ्याला लीगमध्ये वर्षभर चिडवलं जातं.

प्रत्येक वेबसाइटवर खेळाडूचा ‘एडीपी’ दिलेला असतो, म्हणजे इतर ड्राफ्टमध्ये तो सरासरी कितव्या नंबरला जातो. हा त्या दिवसाचा बाजारभाव समजा. पण तो आकडा स्टँडर्ड लीगचा आहे की पीपीआरचा, हे आधी तपासा. स्टँडर्डची यादी घेऊन पीपीआरच्या ड्राफ्टला बसणं म्हणजे गोल्टीचा भाव बघून मोठा कांदा विकायला काढणं.

काही लीगमध्ये स्नेकऐवजी लिलाव असतो. प्रत्येकाला खोटे २०० डॉलर मिळतात आणि बोली लावून खेळाडू घ्यायचे. लासलगावच्या माणसाला हा प्रकार समजावून सांगायची गरज नाही. आपला भाव मनात ठरलेला असावा, आणि शेजारी चढला म्हणून आपण चढायचं नाही.

फसतं कुठे?

मॅकॅफ्रीच्या त्या ४६९ गुणांनंतर २०२० मध्ये जवळपास प्रत्येक ड्राफ्टमध्ये पहिला नंबर त्याचाच लागला. तो त्या हंगामात तीनच सामने खेळू शकला. दुखापत. २०२४ मध्ये, तोवर तो सॅन फ्रान्सिस्कोकडे होता, पुन्हा पहिलं नाव त्याचं, आणि पुन्हा दुखापत, चार सामने. यात निवडणाऱ्याचं काही चुकलं असं म्हणता येत नाही. ज्याला जास्त वेळा चेंडू मिळतो त्याला जास्त वेळा आपटलंही जातं.

उलट उदाहरण २०२१ चं. लॉस एंजेलिस रॅम्सचा कूपर कप पहिल्या दोन फेऱ्यांत सहसा कुणी घेत नव्हतं. संघाने नवा क्वार्टरबॅक आणला, मॅथ्यू स्टॅफर्ड, आणि त्याला कप सोडून दुसरं कुणी दिसेनाच. १४५ झेल, १९४७ यार्ड, १६ टचडाऊन. झेल, यार्ड आणि टचडाऊन तिन्हींत लीगमध्ये पहिला. ज्यांनी मधल्या फेरीत त्याला उचललं त्यांनी बऱ्याच लीग जिंकल्या. इशारा होता, पण तो कपच्या जुन्या आकड्यांत नव्हता. चेंडू फेकणारा माणूस बदलला होता.

हे सगळं कबड्डीत करून बघा

अमेरिकेत कुणी ओळखीचं नसेल तर हा खेळ दहा मित्रांत घरच्या घरी होतो. प्रो कबड्डी घ्या.

समजा तुम्ही ठरवलं, रेडचा प्रत्येक गुण म्हणजे १ आणि टॅकलचा प्रत्येक गुण म्हणजे १. साधं, सरळ. आता दोन विक्रम बघा. २०१७ च्या पाचव्या हंगामात पाटणा पायरेट्सच्या प्रदीप नरवालने रेडचे ३६९ गुण केले. बचावपटूंमध्ये एका हंगामात टॅकलच्या १०० गुणांपर्यंत पहिल्यांदा पोहोचला तो नितेश कुमार, २०१८ च्या सहाव्या हंगामात, यूपी योद्धाकडून. म्हणजे इतिहासातला भारीतला भारी बचावपटू सुद्धा तुमच्या लीगमध्ये प्रदीपच्या एक तृतीयांशही नाही. पहिल्या तीन फेऱ्यांत फक्त रेडर जातील, बचावपटूंना कुणी विचारणार नाही. स्टँडर्ड फुटबॉलमध्ये रनिंग बॅकचं जे झालं होतं, तेच.

आता टॅकलला ३ गुण द्या. नितेशचे ३००, प्रदीपचे ३६९. ड्राफ्टमध्ये लगेच डोकं खाजवायला लागतं. तुम्ही एक आकडा बदलून तुमचा स्वतःचा पीपीआर तयार केलात. टॅकलला ४ द्याल तर नितेशचे ४०० होऊन गाडी दुसऱ्या बाजूला कलंडेल. अडीच की तीन यावर ग्रुपमध्ये भांडण होईल. ते ड्राफ्टच्या आधी होऊ द्या, नंतर नको.

बोनसचंही ठरवा. समोर सहा किंवा जास्त बचावपटू असताना रेडरने बोनस रेषा ओलांडली की कुणाला न शिवताही एक गुण मिळतो. जागेवर घेतलेल्या झेलासारखाच हा प्रकार, दिसायला छोटा पण रोज मिळणारा. बोनसला अर्धाच गुण दिलात तर तुमच्या यादीतले निम्मे रेडर खाली-वर होतील.

आणि संघ जिंकतोय की हरतोय हे इथेही फारसं बघू नका. दहाव्या हंगामाच्या लिलावात, ऑक्टोबर २०२३ मध्ये, सर्वात महाग गेला पवन सेहरावत, तेलुगू टायटन्सने २ कोटी ६० लाख ५० हजार मोजले. त्याच्या मागोमाग इराणचा मोहम्मदरेझा शादलू, पुणेरी पलटणने २ कोटी ३५ लाखांना घेतला. टायटन्स तळाला राहिले. पलटणने १ मार्च २०२४ ला हरियाणा स्टीलर्सला २८-२५ ने हरवून पहिल्यांदा करंडक उचलला आणि शादलू त्या हंगामात टॅकलच्या गुणांत अव्वल ठरला. खऱ्या संघमालकाला हा फरक पैशात मोजावा लागतो. फँटसीत मात्र टायटन्स हरले तरी पवनचे रेडचे गुण तुमच्या खात्यात जमा होतच राहतात. एकट्यावर भार असलेला रेडर पडक्या संघात जास्त वेळा रेडला जातो.

पैशांचं काय?

हा विषय टाळून चालणार नाही, कारण महाराष्ट्रात फँटसी म्हटलं की लोकांना आधी पैसेच आठवतात. ड्रीम इलेव्हन ही कंपनी मुंबईचीच, २००८ मध्ये हर्ष जैन आणि भावित शेठ यांनी सुरू केलेली. २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने यात कौशल्य आहे, हा जुगार नाही, असं म्हटलं आणि धंदा वाढत गेला. पुढे भारतीय संघाच्या जर्सीवरही नाव आलं. गावोगावच्या टपऱ्यांवर संध्याकाळी ‘टीम लावली का’ हा प्रश्न ‘चहा घेतला का’ इतका नेहमीचा झाला. ४९ रुपयांत कोटीचं स्वप्न बघून किती जणांनी किती घालवले, याचा हिशोब घरोघरी वेगवेगळा आहे, आणि तो फारसा कुणी उघड करत नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. २० तारखेला लोकसभा, २१ ला राज्यसभा, २२ ला राष्ट्रपतींची मंजुरी. पैसे लावून खेळायचा ऑनलाइन खेळ, मग तो कौशल्याचा असो की नशिबाचा, चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड. त्याची जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि ५० लाखांपर्यंत दंड. नुसत्या खेळणाऱ्याला या कायद्यात शिक्षा ठेवलेली नाही. ड्रीम इलेव्हनने पैशांच्या स्पर्धा लगेच बंद केल्या आणि जर्सीवरचं नावही गेलं.

पैसे न लावता खेळायला अडचण नाही. अमेरिकेतल्या ऑफिस लीगमध्ये मात्र बऱ्याचदा डॉलरमध्ये वर्गणी असते. इथून खेळणाऱ्याने ‘मी बिनपैशाच्या लीगमध्ये येतो’ असं आधीच सांगावं. मित्रांच्या कबड्डी लीगमध्येही ऑनलाइन वर्गणी गोळा करू नका. शेवटच्या नंबरच्याने वर्षभर ग्रुपचा डीपी हरलेल्या संघाचा ठेवायचा, एवढी शिक्षा पुष्कळ आहे.

लासलगावातून खेळायचं तर घड्याळ

एनएफएलचे बहुतेक सामने रविवारी. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर दुपारी एकला सुरू होणारा सामना आपल्याकडे रविवारी रात्री साडेदहाला असतो, आणि नोव्हेंबरात तिथली घड्याळं एक तास मागे गेली की साडेअकराला. आठवड्याचा पहिला सामना गुरुवारी रात्रीचा, तो आपल्याकडे शुक्रवारी पहाटे पावणेसहाच्या सुमारास सुरू होतो. म्हणजे त्या सामन्यातल्या खेळाडूंना संघात ठेवायचं की बाकावर बसवायचं, हे गुरुवारी झोपायच्या आधी ठरवावं लागतं. सामना सुरू झाला की त्या खेळाडूची जागा बंद होते. इकडून खेळणारे नवखे सगळ्यात जास्त गुण ड्राफ्टमध्ये नाही, या शुक्रवारच्या पहाटे झोपेत घालवतात.

ड्राफ्टही तिकडच्या संध्याकाळी असतो, म्हणजे इकडे पहाटे. एका निवडीला साधारण मिनिट-दीड मिनिट मिळतं. तेवढ्यात वीज गेली किंवा नेट अडकलं तर संगणक त्याच्या यादीतलं वरचं नाव तुमच्या नावावर टाकून मोकळा होतो. म्हणून आदल्या रात्री स्वतःचा क्रम लावून साइटवर सेव्ह करून ठेवावा, पीपीआरप्रमाणे.